सांगून केलेला उशीर

“उशीर झाला, न्हाई कुटं म्हणतेय? पर मी सांगून केला व्हता!” हलीमाचाची माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या.

पौडच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान. मी तिथल्याच बँकेत कर्जाच्या फायली बघते. दुकानाचा गाळा भाड्याचा, मालक जवळच्याच कासार आंबोली गावचे सोपानअण्णा. अण्णा गाळा विकायला निघाले होते आणि आधी चाचींना विचारत होते. कर्ज मिळालं तर गाळा चाचींचा, नाहीतर मशिनी उचलून घरी. घर म्हणजे एक खोली, त्यात आजारी नवरा.

कर्ज देण्याआधी आम्ही अर्जदाराचा क्रेडिट रिपोर्ट काढतो. आजवरचे हप्ते कसे भरले, त्याचं ते प्रगतिपुस्तक. चाचींच्या मशीनच्या कर्जात लागोपाठ तीन महिने उशिराचे शेरे होते. तारीख उलटून किती दिवस झाले, तो आकडा तिथे बसतो. पुढे सगळं भरलं तरी मागचे शेरे काही वर्षं दिसत राहतात.

“कुणाला सांगितलं होतं?”

“हितल्याच खिडकीवरच्या सायबांना. ह्यांचं आपरेशन हाय, हप्ते मागंपुढं व्हतील, म्हटलं. त्ये म्हणले, ‘बरं’.”

त्या कॅशियरची केव्हाच बदली झाली होती. त्याच्या ‘बरं’चा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच होता. चाचींच्या लेखी ‘बरं’ म्हणजे कबूल. त्या निर्धास्त घरी गेल्या, दवाखान्याचं बघितलं आणि नंतर तिन्ही हप्ते दंडासकट एकदम भरून टाकले.

“जावई म्हणतोय, हिंजवडीत एक जण पैसे घिऊन पुसून देतो.”

“कुणी पुसून देत नाही, चाची. नोंद चुकीची असेल तर तक्रार करता येते, तीही फुकट. तुमची नोंद खरी आहे.”

दवाखान्याचे कागद घेऊन मी मॅनेजरसाहेबांकडे गेले.

“सर, बाई सचोटीच्या आहेत. नंतर एकही हप्ता चुकलेला नाही.”

“मॅडम, रिपोर्ट तोंड बघत नाही. दिवाळीपर्यंत हप्ते असेच वेळेवर येऊ देत. मग फाईल आणा, मी वर पाठवतो.”

गाळा दिवाळीपर्यंत थोडाच थांबणार होता? एक हॉटेलवाला रोख घेऊन अण्णांच्या मागे लागला होता. चाचींना हे सांगताना मलाच भरून आलं. त्या मात्र उठल्या, पदर सावरला. “आण्णांना सांगून येते.”

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “काय झालं?”

“उशीर व्हईल, म्हटलं. त्ये म्हणले, ‘बरं’.”

मी कपाळाला हात लावला. आणखी एक बरं!

पण अण्णांनी हॉटेलवाल्याला परत पाठवलं. दिवाळी झाली, चाचींचा एकही हप्ता चुकला नाही, कर्ज मंजूर झालं. सह्यांच्या दिवशी अण्णा समोर बसले होते. न राहवून मी विचारलं, “कागद नाही, इसार नाही. कशाच्या भरवशावर थांबलात?”

अण्णांना माझा प्रश्नच कळेना. “म्या तिला बरं म्हटलं व्हतं न्हवं का, बाई?”

चाचींनी डोळ्यांना पदर लावला. मीही उगाच फाईल चाळत बसले.

तेव्हापासून उशिराचं सांगायला कुणी आलं, की मी कोरा कागद पुढे करते, लेखी घेते आणि पोच देते. नुसतं ‘बरं’ म्हणत नाही. ते पाळायचं माझ्या हातात नसतं.