येशूजवळ कोण बसणार?

"त्याले एकटं वाटते गा," असं म्हणत बाई चर्चच्या दाराला कान लावायच्या आणि मगच कडी काढायच्या. 'त्याले' म्हणजे येशूला. मुलचेऱ्याकडच्या त्या जंगलातल्या गावात मी मास्तर म्हणून गेलो, तेव्हा ख्रिस्ती म्हणून एकट्या बाईच उरल्या होत्या. मिशनचा दवाखाना कधीच बंद पडला होता. तिथे सुईणीचं काम करणाऱ्या बाई मात्र हलल्या नव्हत्या. अर्धं गाव त्यांच्याच हातांवर जन्मलेलं. त्यामुळे गावचा पुजारी असलेल्या म्हाताऱ्या गायत्यालाही त्या "काऊन रे पोट्या" म्हणूनच हाक मारायच्या, आणि तोही निमूट ओ द्यायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. देवाने आपली काळजी घ्यावी हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. तीच देवाच्या काळजीने वाळतात.

एकदा त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, मी मेल्यावर याच्याजवळ कोन बसन?"

"तालुक्याचे पाद्री येतील की."

"तो नाताळाले येते. अन् सारा वेळ घडीच पाहून राह्यते."

शेवटी त्यांनीच उपाय काढला. बंद पडलेलं चर्च गावाला वापरायला द्यायचं, म्हणजे माणसांची ये-जा राहील. माझी संध्याकाळची शिकवणी तिथे आली, नर्सबाईंचं लसीकरण आलं, बचतगटाची बैठक आली. बाकांवर मात्र कोणी बसेना. गोटुलात, गावाच्या बैठकीच्या घरात, बसावं तसे सगळे खाली गोल करून बसायचे. बाकं मोकळीच, म्हणून अवकाळी पाऊस आला की बायका त्यांच्यावर मोहफुलं वाळायला पसरायच्या. बाई दारूच्या कट्टर वैरी. फुलांवर बोट ठेवून सांगायच्या, "फूल हाये तोवर याचं. पुढचं पाप आपापल्या घरी न्या." सारं चर्च मोहाच्या वासाने घमघमायचं.

हा वास तालुक्यापर्यंत गेला असावा. पाद्रीसाहेब पाहणीला येणार आणि ठीक वाटलं नाही तर कुलूप लावून जाणार, असा निरोप आला. बाईंनी घरोघर जाऊन बजावलं, "ऐतवारी सारे या. अन् नीट वागा."

गाव नीटच वागलं, आपल्या परीने. नवा मोह देवाला दिल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही, हा तिथला रिवाज. मग ज्याच्या घरात फुलं वाळवली त्याला टाळून कसं चालेल? गायता सगळ्यांच्या पुढे, हातात मोहाची टोपली आणि बगलेत कोंबडी. पाद्रीसाहेबांनी प्रार्थनेला डोळे मिटले आणि कोंबडी सुटली. तिने मेणबत्ती पाडली, वेदीवर चढली आणि आता उपदेश हिनेच करायचा आहे अशा थाटात सगळ्यांकडे पाहत राहिली.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"दान हाये, साहेब. कापाची नाई म्हनून मी त्याहीले सांगून ठेवलं हाये," बाई पुढे होऊन म्हणाल्या.

"यांच्यात ख्रिस्ती किती?"

मी बाईंच्या जागी असतो तर बिनदिक्कत खोटं बोललो असतो.

"मी एकटीच," बाई म्हणाल्या. "पन सारे याले भेटाले आले ना."

साहेब बराच वेळ कोंबडीकडे पाहत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि हसू आवरायला त्यांना खिडकीकडे तोंड फिरवावं लागलं. कुलूप पिशवीतच राहिलं. जाताना कोंबडी मात्र न्यावी लागली, कारण दान परत घेत नसतात हे गायत्याने ठणकावून सांगितलं.

मागच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. माझी बदली राजुऱ्याला झाली होती. मी पोचेपर्यंत माती झालेली. आपलं माणूस गेल्यासारखं वाटलं, आणि अजून वाटतं.

परवाच्या रविवारी मुद्दाम गावात गेलो. चर्चचं दार सताड उघडं होतं. आत गायता एकटाच क्रुसासमोर मांडी घालून बसला होता. बाई गेल्यावर गावाने वार लावून घेतलेत म्हणे. दर ऐतवारी एका घराने येशूजवळ बसायचं.

"पण तुम्हाला त्याची प्रार्थना कुठे येते?" मी विचारलं.

"नाई येत. आमच्या घरच्या गोठी सांगतो त्याले," गायता म्हणाला. "तुमी बसा थोडं."

मग माझ्याकडे पाठ फिरवून, रानडुकरांनी बांधालगतचं धान कसं नासवलं, ते तो येशूला पहिल्यापासून सांगू लागला.