ग्लेनिसचं कौतुक

ग्लेनिस चादरीचा कोपरा गादीखाली खोचत होती आणि सारखी दाराकडं बघत होती. सोमवारी तिनं राजीनामा दिलेला. हिलरी, आमची मॅनेजर, म्हणालेली शुक्रवारी बोलू. आज शुक्रवार.

व्हिटबीला ग्लेनिसच्या बहिणीचं, जोनचं, तळलेल्या माशांचं दुकान आहे. जोनचा गुडघा गेलाय. ईस्टरपासून दोघींनी मिळून चालवायचं ठरलेलं.

ग्रिम्सबीच्या ह्या वृद्धाश्रमात मी शाळा सोडून आले, सोळाव्या वर्षी. डोकं फिरलं की मी भांडी आपटायचे. ग्लेनिसनं एकदाही माझी तक्रार केली नाही. तिला कुणी वाकडं बोललं की मी त्याला सोडत नाही. अजूनही.

चहाच्या वेळी हिलरीनं सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. म्हातारी मंडळी, त्यांच्या लेकीसुना, मोठा केक. म्हणे यंदाचा पुरस्कार परत ग्लेनिसला. कागदावरून वाचलं, "ग्लेनिस एपिटोमाइझेस..." पुढचं टाळ्यांत बुडालं. मी ऑडबीआजोबांना विचारलं, हा कसला शब्द?

"चांगली सेवा म्हणजे काय असं कुणी विचारलं ना, तर नुसतं हिच्याकडं बोट दाखवायचं," ते म्हणाले. "तुझ्याकडं नाही."

ग्लेनिस कानापर्यंत लाल. आमच्यात चारचौघांत कौतुक झालं की कसंनुसं हसून काहीतरी गोड बोलायचं असतं, नाहीतर माणूस शिष्ट ठरतं. ती बोलून गेली, "अहो, त्यात काय एवढं. मला तर इथून हलावंसंच वाटत नाही."

हिलरीनं लगेच तिचा हात धरला. "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

स्वयंपाकघरात मी तिला धरलं. म्हटलं, जा आत्ता, सांग, ते उगाच तोंडातून गेलं म्हणून.

"कसं सांगू? ऑडबींनी डोळे पुसले गं."

"ते जाहिराती बघूनपण रडतात."

ती हसली, एप्रन नीट केला आणि संध्याकाळच्या गोळ्या वाटायला गेली. ईस्टरला जोननं दुसरी बाई ठेवली.

ऑगस्टमध्ये हिलरीची बदली झाली आणि तिचं कपाट रिकामं करायचं काम माझ्यावर आलं. मला वाटायचं ग्लेनिसनं आयुष्यात एकदाच राजीनामा दिला. तिच्या फाइलीत सात होते, सात वर्षांचे. प्रत्येकाला पुरस्काराचा कागद टाचलेला, त्याच आठवड्याच्या तारखेचा.