टाळी न वाजवणाऱ्या मम्मा तोलू

मम्मा तोलू आमच्या घरी आल्या की सोफ्यावर बसत नसत. सरळ स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी जात, समोर असेल ते पाकीट उचलत, उलटं करत आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून मागची बारीक अक्षरं वाचत. पहिल्या दिवशी त्यांनी आमची मल्टिग्रेन बिस्किटं वाचली. पुढे मोठ्या अक्षरांत गव्हाच्या लोंब्यांसकट 'मल्टिग्रेन', आणि मागे पहिल्या नंबरावर मैदा, दुसऱ्यावर साखर. पाकीट माझ्या बायकोच्या, शुभाच्या, हातात देत त्या म्हणाल्या, "पुढची बाजू विकणाऱ्याने हौसेने लिहिली, सिस्टर. मागची त्याला लिहावी लागली. लिहावी लागली ती वाच."

दुबईतल्या अल मनखूल भागातल्या आमच्या इमारतीत त्यांचा फ्लॅट आमच्याच मजल्यावर. मूळच्या लागोसच्या. तिथे सरकारी इस्पितळात त्या बरीच वर्षं नर्स होत्या. नवऱ्याने गाड्यांच्या सुट्या भागांचा धंदा दुबईत आणला म्हणून इकडे आल्या. त्यांच्याकडे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात. मुलीचं नाव तोलू, म्हणून या मम्मा तोलू. त्याच हिशेबाने मी 'बाबा रिया' झालो. आमच्याशी बोलणं इंग्रजीत, भाजीवाल्याशी हिंदीत, आणि त्यांच्याकडच्या बायकांशी भांडल्यासारख्या आवाजात त्यांच्या भाषेत.

शनिवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये दहा-बारा बायका जमत. नायजेरिया, घाना, युगांडाच्या. कुणी सलूनमध्ये, कुणी बँकेत, कुणी मॉलमध्ये सिक्युरिटीला. वजन कसं उतरवायचं, काय खायचं, याचा सल्ला मम्मा तोलू देत. फुकट.

या शब्दापाशी मी अडलो. माझी नोकरी एका शिपिंग कंपनीत अंतर्गत हिशेबतपासणीची. या शहरात तुमच्या वजनाची चौकशी करणारा माणूस तिसऱ्या भेटीत पिशवीतून पावडरीचा डबा काढतो, हा माझा अनुभव. ऑफिसातल्या एकाने काढला, मंडळातल्या वहिनींनी काढला. मी शुभाला म्हणालो, "बघ, डबा येईल."

"अहो, त्यांनी अजून काही विकलंय का?"

"अजून, हाच मुद्दा आहे."

आमची मुलगी रिया मोबाइलवरून मान न काढता म्हणाली, "बाबा, नॉट एव्हरीवन इज अ स्कॅम."

"नसेल. पण विचारायला काय जातं?"

शुभाचे गुडघे दुखत, म्हणून तीही शनिवारी जाऊ लागली. परत आली की मी खोदून विचारत असे. तिच्याकडून कळलं की क्लिनिकमधून मिळालेला डाएटचा कागद तिथे जवळजवळ प्रत्येकीच्या पर्समध्ये होता. ओट्स, स्किम्ड दूध, दही, सॅलड. बऱ्याच जणींना दूध पचत नव्हतं. पोट गुबारायचं, आठवड्यात कागद सुटायचा आणि बाई स्वतःलाच आळशी म्हणायची. मम्मा तोलू म्हणत, "कागद खोटा नाही. कागद दुसऱ्या बाईचा आहे." मग आधी प्रश्न, "तुझी आई काय रांधायची?" याम हा कंद कांडून केलेला गोळा खा, पण मुठीएवढा, डोक्याएवढा नाही. रश्शात पालेभाजी वाढव, पामतेल घटव. चवळी, भेंडी, मासे खा. मसाल्याच्या चौकोनी वड्यांवर मात्र त्यांचा मोठा राग. "एवढासा चौकोन आणि पोटात समुद्राचं मीठ. आमच्या बायकांचं प्रेशर इथून चढतं."

केसांचा विषयही मला नवा होता. डोकंभर बारीक वेण्या घालायला सबंध दिवस जातो. घामाने त्या बिघडतात, म्हणून बायका चालायला जात नाहीत. कुणी डॉक्टर हे विचारत नाही आणि बायका सांगत नाहीत. मम्मा तोलू वेण्यांची तारीख आधी विचारत आणि मग चालायचे दिवस ठरवत. "केसांचा नाद सोड असं मी सांगितलं तर ती मलाच सोडून जाईल." मला हे पटलं. डबा मात्र मी विसरलो नव्हतो.

कुणाचं वजन उतरलं की त्या हॉलमध्ये टाळ्या पडत, कुणी नाचतही असे. मम्मा तोलू टाळी वाजवत नसत. सावकाश उतरलं तर मान हलवत, भरभर उतरलं तर भुवई वर जाई. "कमाई असेल तर कुठून आली ते सांगता येतं," त्या म्हणत. हे वाक्य ऐकून मला पहिल्यांदा त्या आपल्या खात्यातल्या वाटल्या.

फुनमी त्यांच्यातली सगळ्यांत लहान. शारजात राहायची, सलूनमध्ये काम करायची, प्रेशरच्या गोळ्या घ्यायची. वर्षभर तिचं वजन जागचं हललं नव्हतं आणि मग चारपाच आठवड्यांत ती झपाट्याने उतरली. सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या. शुभानेही टाळ्या वाजवल्या. मम्मा तोलूंनी मात्र विचारलं, "कपडे सैल झाले, छान. डोळे का खोल गेले?"

"चालते मी, मम्मा. रोज."

"या उन्हात? कुठे?"

फुनमी हसली आणि फोन पुढे करून तिने विषय बदलला. डिसेंबरात तिच्या बहिणीचं लग्न होतं. त्यांच्याकडे लग्नात घरच्या सगळ्या बायका एकाच कापडाचे कपडे शिवतात. कापड लागोसला खरेदी होतं, परदेशातल्या बायका मापं फोनवर कळवतात. फुनमीचा झगा शिवून तयार होता, त्याचा फोटो शिंप्याने पाठवला होता. बायका 'वा वा' करत होत्या. मम्मा तोलूंनी फोटो मोठा केला, झग्याची कंबर पाहिली, फुनमीची कंबर पाहिली, आणि फोन परत दिला.

पुढच्या शनिवारी फुनमी आली नाही. फोन उचलेना. दुपारी मम्मा तोलू आमच्या दारात, हातात प्रेशर मोजायचं मशीन. "बाबा रिया, नवरा अबुधाबीला गेलाय. मला शारजाला सोड. यल्ला, चल."

मी आणि शुभा दोघेही निघालो. शारजाचा रस्ता नेहमीसारखा तुंबलेला. त्या मागच्या सीटवरून म्हणाल्या, "तिने शिंप्याला स्वतःचं माप दिलंच नाही. व्हायचं होतं ते दिलं. आता झगा शिवून झालाय आणि कापड संपलंय. बहिणींच्या फोटोत वेगळ्या कापडात उभं राहायचं म्हणजे आमच्यात घराबाहेर उभं राहण्यासारखं."

गाडी तासभर मुंगीच्या चालीने सरकत होती. मी सरळ विचारलं, "मम्मा, तुम्हाला या सगळ्यातून काय मिळतं?"

शुभाने मला कोपर मारलं. मम्मा तोलू रागावल्या नाहीत. "चांगला प्रश्न. सगळ्यांना विचारत जा," त्या म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, "आम्हा काळ्या बायकांना सगळे 'स्ट्राँग' म्हणतात. इस्पितळातही म्हणतात. स्ट्राँग बाईचं डोकं दुखतं तेव्हा तिला पाणी पी म्हणतात. माझी मोठी बहीण फार स्ट्राँग होती." त्यांनी मांडीवरच्या मशीनचा पट्टा पुन्हा नीट गुंडाळला.

फुनमी पडदे ओढून पलंगावर पडली होती. डोकं फुटतंय, समोरचं धूसर दिसतंय म्हणाली. टेबलावर हिरवं पाकीट होतं, 'स्लिम टी', पुढे सपाट पोटाची बाई. मम्मा तोलूंनी ते उलटं केलं. मागे घटकांच्या जागी किमतीचं मोठं लेबल चिकटवलेलं, नव्वद दिरहम. दोन हजार रुपयांच्या वर झाले. नखाने ते खरवडल्यावर खाली 'सेना' निघालं. शुभाने पाकिटातली पानं हुंगली. "अहो, ही तर सोनामुखी! माझी आजी जुलाबाला द्यायची."

"आणि प्रेशरच्या गोळ्या?" मम्मा तोलूंनी फुनमीला विचारलं.

तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

"फुनमी, गोळ्या?"

"विकणारी म्हणाली, गोळ्यांनी अंगात पाणी धरतं. चहा चालू आहे तोवर बंद ठेव म्हणाली."

मशीनचा पट्टा दंडाला बांधला. वरचा आकडा दोनशे दहा, खालचा एकशे वीस. त्यांनी पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं, तेवढाच. आकड्यांशी माझा रोजचा संबंध आहे. आकडा पाहून उठून गाडीची किल्ली हातात घेण्याची ती माझी पहिलीच वेळ.

"लग्नाला सहा आठवडे आहेत, मम्मा," फुनमी रडत म्हणाली. "इस्पितळात ते मला सलाइन लावतील, मी पुन्हा फुगेन. थोडेच दिवस राहिलेत."

"थोडेच दिवस राहिलेत, हेच मी म्हणते," मम्मा तोलू म्हणाल्या आणि तिच्या पायांत चपला सरकवल्या.

तातडीच्या विभागात तिला लगेच आत घेतलं. प्रेशर हळूहळू उतरवावं लागलं, रक्तातलं पोटॅशियमही फार घसरलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकला असता. यापुढे घोट्यांवर सूज दिसली तर लगेच या, असंही त्यांनी बजावलं. आम्ही बाहेर बसलो असताना मम्मा तोलूंनी लागोसच्या शिंप्याला फोन लावला आणि कॉरिडॉर दणाणून सोडला. तो कापड संपलं म्हणत होता. त्या म्हणत होत्या, शिवणीत किती सोडलंस ते सांग. शेवटी बाजू उसवून दोन्हीकडे सोनेरी कापडाच्या पट्ट्या घालायचं ठरलं. त्यांनी फोन ठेवला. "खलास. आता झगा तिच्या मापाचा होईल."

गेल्या वर्षी नवऱ्याने इथला धंदा आवरला आणि मम्मा तोलू लागोसला परत गेल्या. डबा शेवटपर्यंत आला नाही. तरीही फुकट सल्ला देणाऱ्याला मी आजही विचारतो, आणि त्यांचीच तशी परवानगी आहे असं समजतो.

त्या डिसेंबरातला एक रविवार मात्र डोळ्यांपुढून जात नाही. लग्नाचा फोटो आला तेव्हा त्या आमच्याकडेच चहाला होत्या. बहिणींच्या रांगेत फुनमी मधोमध, भरलेल्या अंगाची, झग्याला दोन्ही बाजूंनी सोनेरी पट्ट्या. "इतरांपेक्षा हिचाच छान दिसतोय," शुभा म्हणाली. मम्मा तोलूंनी फोन हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा करत त्या खाली खाली सरकत गेल्या. चेहरा गेला, कंबर गेली, सोनेरी पट्ट्या गेल्या. पडद्यावर फुनमीचे नुसते घोटे उरले.

त्यांनी ते बराच वेळ पाहिले.

"सूज नाही," त्या म्हणाल्या, आणि मग चहाचा कप हातात घेतला.