दादर

‘दादर छे. केटला वखतथी?’

चामडीच्या डॉक्टरनं टेबलापलीकडूनच विचारलं. हात लावला नाही. माझ्या मानेवर, छातीवर, काखेत लाल गोल चट्टे उठले होते. खाजवून खाजवून रक्त यायचं.

आमच्या खानदेशात दादर म्हणजे ज्वारी. मला वाटलं, कधीपासून खातेस असं पथ्यपाण्याचं विचारतोय. मी भाबडी बोलून गेले, ‘बचपन से, साहेब. घर में दादर की ही भाकर बनती है.’

डॉक्टर खो खो हसला. कंपाउंडर हसला. रांगेतल्या बायासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. गुजरातीत दादर म्हणजे गजकर्ण, हे गुजरातेत, बमरोलीत सात वर्षं राहूनही मला ठाऊक नव्हतं.

‘ये लोग दादर खाते हैं, नहाते नहीं,’ डॉक्टर म्हणाला.

दोन वेळा अंघोळ करायची मी! पण शरमेनं मेले नुसती.

आणि त्या शरमेत सांगायचं तेच राहून गेलं. माझ्या पोटात मायची किडनी होती. वर्षभरापूर्वी बसवलेली. अंगानं ती परकी म्हणून टाकून देऊ नये, यासाठी रोज गोळ्या. त्या गोळ्यांनी अंगाचा रोगाशी लढायचा जोर दबतो, मग साधी बुरशीसुद्धा अंगभर पसरते. नवी कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, असं किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी दहादा बजावलं होतं. फाईल पिशवीतच होती. काढलीच नाही मी. कंपाउंडरनं टाकलेली गोळ्यांची पट्टी उचलली आणि मान खाली घालून निघाले.

घरी मायनं पट्टी हातात घेतली. तिला अक्षर येत नाही.

‘ऑपरेशननं सांगं का तू त्याले?’

‘नाही. हसत होते सगळे.’

मायनं पट्टी बाजूला ठेवली. मग म्हणाली, ‘त्या हसनात म्हनीसन मनी किडनी वाया घालशी?’

माझाच मला असा राग आला, की जेवण गेलं नाही. गोळी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच परत गेले. ‘फिर आई दादरवाली,’ कंपाउंडर म्हणाला. मी फाईल उघडून डॉक्टरच्या पुढ्यात आपटली.

‘पहले ये पढो.’

‘बाहर बैठो.’

‘नहीं बैठूंगी. मेरे पेट में मेरी माँ की किडनी है. पढो!’

माझा आवाज चढला होता.

वाचता वाचता त्याचं तोंड उतरलं. केसपेपरवर कालच्या गोळीच्या नावावर काट मारली. ही गोळी किडनीच्या गोळीशी जुळत नाही, खालच्या आवाजात म्हणाला. नुसतं लावायचं औषध लिहून दिलं. वर मलाच म्हणतो, ‘पहले बोलना चाहिए था.’

‘तुमने पूछा क्या?’

माफी मागितली नाही त्यानं. चट्टे जायला महिने लागले. काळे डाग अजून आहेत, बुरशीही पुन्हा येतेच.

आता कुठल्याही दवाखान्यात मी आधी विचारते, ही गोळी कशाची, किडनीला चालते का. उत्तर मिळेपर्यंत टेबलासमोरून हलत नाही. मागची रांग ओरडते. ओरडू दे.