सुनंदाताईंचे पक्षी सुखनाला पोचेनात

तास उलटून गेला तरी एकही पक्षी तळ्यावर पोचला नव्हता. टेबलाभोवती युनिव्हर्सिटीचे चार विद्यार्थी बसले होते आणि चौघंही एकमेकांचे पक्षी मागे हाकलण्यात दंग होते. "चल भाई, तू वापस तिब्बत," म्हणत एकाने शेजारणीचा निळा लाकडी पक्षी उचलला आणि डोंगरापलीकडे नेऊन ठेवला. पुढच्याच खेपेला तिने उट्टं काढलं. माझा बॉस राघव मागे उभा राहून घड्याळ बघत होता.

मी बोर्ड गेम डेव्हलपर आहे. हे सांगितलं की लोक आपला मोबाइल पुढे करतात आणि तो हँग का होतो ते विचारतात. माझा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. माझे गेम टेबलावर मांडून खेळतात. गेम जो रचतो तो डिझायनर. त्याचा गेम छापण्याजोगा होईपर्यंत घासूनपुसून घ्यायचा, हे माझं काम. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी चंडीगडजवळच्या एअरोसिटीत राहते आणि कंपनीचं काम घरूनच करते. चंडीगडला बोर्ड गेमवाल्यांचं कन्व्हेन्शन भरतं तेव्हा ऑफिसच इथे येतं.

हा गेम सुनंदाताईंचा. ताई मूळच्या कोल्हापूरच्या, यजमान फौजेत कर्नल. लग्नानंतर दर दोन-तीन वर्षांनी त्यांनी बिऱ्हाड हलवलं. इथे आल्यावर सुखना तळ्याकाठी सकाळी फिरायला जाऊ लागल्या आणि थंडीत उतरणारे पाहुणे पक्षी बघता बघता त्यांना हा गेम सुचला. प्रत्येक खेळाडूकडे एक लाकडी पक्षी, म्हणजे एक थवा. हिमालयापलीकडून निघायचं, वाटेतल्या छोट्या तळ्यांवर दाणे टिपायचे, दाणे खर्चून पुढे उडायचं आणि सर्वांत आधी सुखनाला पोचायचं. वाटेतल्या प्रत्येक तळ्यावर जागा एकच. तिथे दुसरा बसला असेल तर त्याला एक तळं मागे हाकलता येतं.

बोर्ड ताईंनी स्वतः रंगवला होता. तो समोर आला की माझं कामातलं डोकं बाजूला पडायचं. फिकट डोंगर, त्यांच्या कुशीत तळी आणि तळ्यांत न दिसणाऱ्या कुठल्याशा चंद्राचा उजेड. त्या दिवशीही तसंच झालं. बाहेर धुकं विरत होतं, हॉलच्या उंच खिडक्यांतून कोवळं ऊन नेमकं आमच्या टेबलावर आलं होतं. फाशांचा खळखळाट, पलीकडच्या टेबलावरचं हसणं, सगळं दुरून कुठून तरी ऐकू येत होतं. आपणच त्या डोंगरांवरून चाललोय, पंखांखाली गार वारा आहे, असं काहीतरी मला वाटत होतं.

"मृणाल, यह गेम नहीं है, ट्रैफिक जाम है," राघव कानाशी म्हणाला. मी धप्पकन जमिनीवर आले.

ही ब्लाइंड टेस्ट होती. म्हणजे खेळणाऱ्यांच्या हाती फक्त नियमांचा कागद द्यायचा, डिझायनरने लांब बसायचं आणि काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. ताई खुर्चीत बसून शालीची किनार मुठीत चुरगाळत होत्या. यंदा कंपनी एकच नवा गेम छापणार होती आणि निर्णय त्याच दिवशी व्हायचा होता. कर्नलसाहेबांच्या बदलीची ऑर्डर आली होती. "आजवर जिथे गेले तिथे साहेबांची बायको म्हणून गेले," ताई मला म्हणाल्या होत्या. "हे एक माझं म्हणून बरोबर न्यायचं आहे."

"सर, एक बार और देख लीजिए," मी राघवला म्हटलं.

"लंच के बाद। फिर मेरी फ्लाइट है।"

आम्ही राजमा-चावलच्या प्लेट घेऊन बाहेर हिरवळीवर बसलो. सोबत हरप्रीत होती, एका कॅप्टनची नुकतीच लग्न झालेली बायको. ताईंना गाडीतून तीच घेऊन आली होती.

"ताई, हाकलणं फुकट का ठेवलंत?" मी विचारलं.

"आधी दोन दाणे लागायचे गं. पण कुणी हाकलायचंच नाही. मला वाटलं, महाग पडतंय. एक केला, तरी नाही. मग फुकटच करून टाकलं."

"आणि फुकट केल्यावर?"

"तरी नाही. सगळ्या गुण्यागोविंदाने खेळायच्या. युनिटमधल्या आम्ही बायका दर बुधवारी आमच्याकडे बसतो ना."

मी हरप्रीतकडे वळले. "आपने कभी मैम का पंछी हटाया?"

ती प्लेटमधला राजमा चमच्याने इकडून तिकडे करू लागली. "नहीं जी। मैम का पंछी कैसे हटाती?"

"और किसी का?"

"मेजर साहब की वाइफ भी सीनियर हैं। मुझसे जूनियर कोई आती ही नहीं थी।"

मला हसू आलं आणि ताईंचा चेहरा पाहून ते विरलंही. फौजेत नवऱ्याचा हुद्दा बायकोच्याही खांद्यावर असतो. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण कुणाच्या प्लेटमध्ये आधी वाढायचं आणि कुणी उठल्यावर बाकीच्यांनी उठायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. तेच टेबलावर उतरलं होतं. महिनोन् महिने झालेल्या टेस्टमध्ये गेम कुणी तपासलाच नव्हता, सगळ्यांनी मान राखला होता.

"म्हणजे दर बुधवारी मी जिंकायचे ते..." ताईंनी वाक्य तिथेच सोडलं. मला फार वाईट वाटलं. हरप्रीतला मराठी येत नव्हतं, पण तिनेही मान खाली घातली.

ताईंनी प्लेट बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मृणाल, नवीन गावी सामानाचा ट्रक आला की पहिल्या दिवशी आपली चूल पेटत नाही. शेजारून डबा येतो. आसामात आला, जोधपूरला आला, इथेही आला. आपण त्यांना ओळखतही नसतो."

"मग?"

"हाकलायचं तर खुशाल हाकला. पण ज्याला हाकललं त्याला आपल्या वाट्यातला एक दाणा द्यायचा. उपाशी नाही पाठवायचं."

मी मनात गणित मांडलं. हाकलणाऱ्याचा दाणा जातो, हाकललेल्याला मिळतो, म्हणजे तो लवकर परत उडतो. सारखं हाकलत राहिलं तर आपणच रिकामे होऊन बसू. हिशेब जुळत होता. नियमांच्या कागदावर पेन्सिलीने ओळ लिहिली आणि आम्ही आत गेलो.

सकाळच्यातले दोघं मुलगे पुन्हा बसायला तयार झाले. तिसरी हरप्रीत. चौथ्या खुर्चीवर मी ताईंना बसवलं. डिझायनरने टेस्टला बसायचं नसतं. पण मला जे तपासायचं होतं ते त्यांच्याशिवाय तपासता आलं नसतं.

पहिल्याच हाकलणीनंतर मुलं सावध झाली. "यार, दाना भी देना पड़ेगा," एकजण पुटपुटला आणि विचार करू लागला. थवे डोंगर ओलांडून एकेक तळं खाली उतरू लागले. ऊन बोर्डावरून सरकत सुखनापाशी आलं. मला पुन्हा गार वारा लागू लागला. या वेळी राघवनेही घड्याळ पाहिलं नाही.

शेवटच्या तळ्यावर ताईंचा पिवळा पक्षी बसला होता. पुढच्या खेपेला तो सुखनाला पोचणार होता. त्याच्या मागेच हरप्रीतचा लाल पक्षी होता, खेप तिची होती आणि थेट सुखनापर्यंत उडण्याइतके दाणे तिच्याकडे होते. हाकललं तर ती जिंकणार, नाहीतर ताई.

हरप्रीतचा हात बोर्डावर अधांतरी थांबला.

"दीदी, हटाओ ना!" मुलगा ओरडला.

तिने ताईंकडे पाहिलं. ताई तिच्याचकडे बघत होत्या.

"सॉरी, मैम," हरप्रीत म्हणाली. पिवळा पक्षी तिने मागे नेला आणि एक दाणा ताईंच्या तळहातावर ठेवला. मग त्याच खेपेत लाल पक्षी सुखनात उतरला.

ताईंनी मूठ मिटली. "अगं, मी हरले!" त्या मोठ्याने मराठीत ओरडल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि हसू आवरत नव्हतं. "मृणाल, खरंच हरले गं मी!"

"क्या कह रही हैं?" राघवने विचारलं.

"हार गईं, कह रही हैं।"

"इतनी खुशी से?" तो म्हणाला. मग त्याने टेबलाकडे पाहिलं. कुणी न सांगता मुलं बोर्ड पुन्हा मांडत होती. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही. "छापते हैं," तो म्हणाला आणि बॅग उचलून निघाला.

ताई पुढल्या गावी गेल्या तेव्हा गेम छपाईला गेला होता. तेव्हापासून टेस्टला माणसं बसवण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: तुमच्यात साहेब कोण? सगळ्यांच्या नजरा एकाकडे वळल्या की ते टेबल मोडते आणि दुसरं मांडते.