चौकटीचा बुडखा

टेबलावर मावणारं ते प्लेनर मशीन मोठ्या भावानं अकोल्याच्या आमच्या सुतारखान्यात आणलं, तेव्हा मला विचारलं नव्हतं. एका बाजूनं फळी घाला, दुसऱ्या बाजूनं ती एकसारख्या जाडीची होऊन बाहेर येते. वीस वर्षं हातरंध्यानं मनगटं झिजवलेल्या माणसासमोर असली वस्तू ठेवायची आणि वर म्हणायचं, "आता तुले आराम झाला." मला मशीनचा आणि त्याचा, दोघांचाही मनापासून राग आला.

पाइनच्या फळ्यांवर ते मुकाट चालायचं. मऊ लाकूड, रोलरला थोडा डिंक चिकटायचा तेवढाच. त्यावर भाऊ शेफारला. मग बहिणीच्या दाराची चौकट आली. बार्शीटाकळीला तिचं घर बांधणं चालू होतं आणि चौकट माहेरची, असं बाबांनी कबूल केलं होतं. त्यासाठी सागवान मी स्वतः निवडलं होतं. भावानं पाइनला घ्यायचा तोच खोल कट सागाला घेतला. मशीन बोंबललं, एका लाकडाची गाठीजवळ मोठी ढलपी उडाली. सागाला कागदाएवढं पातळ घ्यावं लागतं, हे मला ठाऊक होतं. दारात उभा राहून मी नुसतं बघितलं. शेवटी त्याचं त्यालाच कळलं. त्यानं कटाची खोली ठरवणारं चाक मागे फिरवलं, पुन्हापुन्हा लाकूड घातलं, आणि सगळं आरशासारखं गुळगुळीत करून काढलं; ढलपीचा खड्डा तेवढा राहिला.

पण खुणा गेल्या. चौकटीचं उभं लाकूड झाड वाढलं तसंच लावायचं असतं, बुडखा खाली आणि शेंडा वर. उलटं लागलेलं लाकूड घराला लाभत नाही, असं आमच्याकडे पक्कं मानतात. म्हणून आम्ही लाकडाच्या अंगावर पेन्सिलीनं बाण काढतो, आणि रंधा मारून तो पुसला गेला की लगेच पुन्हा काढतो. मशीनच्या घाईत भाऊ ते विसरला.

"यातला बुडखा कोणता रे?" त्यानं विचारलं.

फांदी नेहमी शेंड्याकडे झुकते, आणि ढलपी उडालेल्या लाकडात ती कुठल्या बाजूला वळली होती, ते त्या गाठीत मला स्वच्छ दिसत होतं.

"मले कायले इचारतो? तुया मशीनले इचार."

त्यानं लाकडं फिरवून फिरवून बघितली आणि अंदाजानं बाण काढले. गाठीचं लाकूड उलटं झालं. मी चहा प्यायला निघून गेलो. बाबा चौकटीवर हात फिरवतील, ओळखतील आणि चारचौघांत त्याला झापतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याची जिरायलाच हवी होती.

चौकट उभी करायच्या दिवशी सगळे बार्शीटाकळीला जमलो. बाबांना आता फारसं दिसत नाही. त्यांनी चौकटीवर वरपासून खालपर्यंत तळवा फिरवला. गाठीच्या खड्ड्यात भावानं भुसा आणि डिंक भरून घासलं होतं. बाबांचा हात त्यावरून सरळ निघून गेला.

"बुडखा खालतं हाये ना?" त्यांनी विचारलं.

भाऊ म्हणाला, "मी अंदाजानंच लावला, बाबा. पण हा तिथंच होता. चुकलं असतं तं हा बोलला असता."

बाबांनी मान माझ्याकडे वळवली. बहीण ताट घेऊन थांबली होती. तिचा नवरा, सासू, गवंडी, सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा सांगितलं असतं तर चौकट अर्ध्या तासात खोलून फिरवता आली असती. मला माझीच किळस आली, पण तोंडातून निघालं ते असं:

"बरोबर हाये, बाबा."

बहीण वाकली आणि तिनं त्या लाकडाला हळदकुंकू लावलं.