ओढलं की फुगणारा फोम

गादीवाले काका तीस वर्षं गाद्या आणि सोफे भरत होते. फोम त्यांच्या ओळखीचा. दाबला की बाजूंना फुगतो, ओढला की बारीक होतो. माणसांपेक्षा सरळ, असं ते म्हणत. म्हणूनच एका प्रयोगशाळेने त्यांना तीन महिन्यांसाठी घेतलं. आज शेवटची चाचणी होती. जमली तर नोकरी कायम, नाही तर परत गाद्या.

इथला फोम मात्र उफराटा. साधा फोम चहूबाजूंनी चेपून नळीत कोंबायचा, तापवायचा, थंड करायचा. मग त्याची बुद्धी फिरते. ओढला की जाड होतो, दाबला की अंग चोरतो. वरून दणका बसला, की आजूबाजूचा फोम दणक्याखाली धावून येतो. असा तुकडा दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये चिकटवायचा, वरून लोखंडी गोळा सोडायचा आणि पोचा मोजायचा.

हे सगळं काकांना तोंडपाठ होतं. हातांना नव्हतं. सकाळी नळीतून तुकडा काढायला त्यांनी चिमटा लावला आणि ओढला. निघेना.

"काका, झालं का?" प्रयोगशाळेच्या मॅडमनी दारातून विचारलं.

"निघतोच आहे. जरा लाजतोय."

लेथ मशीनवरचा लेथवाला मदतीला आला आणि त्याने काकांची कंबर धरली. काकांनी चिमटा धरला. दोघांनी मिळून असा हिसका दिला, की दोघेही जमिनीवर. चिमट्यात फोमची कपची. बाकीचा आत, ठाण मांडून.

"पाहुणा आहे की जावई?" लेथवाला कंबर चोळत म्हणाला.

काकांनी घरी फोन लावला. "माझी मोठी सुई शोधून ठेव. गेली नोकरी."

"काय केलंत आता?" काकू म्हणाल्या.

"मी काय करणार? हा मेला फोम! जितका ओढावा तितका फुगतो!"

"मग ओढता कशाला?"

लेथवाला नळीकडे बघू लागला.

फोन कानाला तसाच ठेवून काकांनी नळीच्या दुसऱ्या टोकाकडून फोम अंगठ्याने दाबला. फोमने अंग चोरलं आणि तो सुळकन बाहेर आला.

दुपारी गोळा पडला. साध्या फोमवर बोट बुडेल एवढा पोचा पडायचा. इथे नखही बुडेना.

"सोमवारपासून कायम," मॅडम म्हणाल्या. "आणि तुकडा काढायची पद्धत लिहून ठेवा. पुढच्यांना उपयोगी पडेल."

काकांनी वही ओढली आणि नीट अक्षरात लिहिलं: पायरी पहिली. घरी फोन करणे.